दुसऱ्या दिवसाचं कोणी विचारलं नाही

(वर्धा येथे जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण भिंतीवर चादर बांधून दोन जुने सिनेमे पाहिले. आधी १९३६ सालच्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग, आणि नंतर आपल्या मुंबईत तयार झालेला १९४० सालचा ‘डायमंड क्वीन’. दिवसभराच्या चर्चेनं बऱ्याच जणी पेंगत होत्या. पण नादियानं गुंडांना धुवायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगेतून शिट्टी आली. ती कोणी मारली ते मी विचारणार नाही. आज सकाळी चहाच्या वेळी मात्र दोघी-तिघींनी मला अडवलं. म्हणाल्या, “ताई, शिबिर घरातल्या मारहाणीच्या प्रकरणांवर, आणि तुम्ही हे अग्निबाणाचे खेळ कशाला दाखवले?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी मला आधी एका यात्रेत जावं लागेल.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. हिंगणघाट तालुक्यातलं आमचं गाव. कापसाची वेचणी संपली की यात्रा भरायची आणि यात्रेबरोबर तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध दोरी बांधून तिच्यावर कापड टाकलेलं असायचं. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. त्या वर्षी नादियाचा एक जुना सिनेमा आला होता. रिळं इतकी झिजलेली की पडद्यावर सतत पाऊस पडतोय असं वाटायचं. पण घोड्यावरून उडी मारणारी, पुरुषांना खांद्यावर घेऊन भिरकावणारी ती गोरी बाई स्पष्ट दिसत होती. बायांच्या बाजूनं इतका आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आणि ती नेमकी दुष्टांच्या तावडीत सापडली, तिला बांधून घातलं, एवढ्यात जनरेटर बंद पडला. अर्धा तास वाट पाहून मालकानं खेळ आटोपला. दुसऱ्या दिवशी तंबू पुढच्या गावी गेला.

मी रात्रभर आजीला एकच विचारत होते, “मग तिचं काय झालं?” आजी शेवटी वैतागून म्हणाली, “गोरी बाई हाय थे, तिले काय होते? जे होते ते आपल्याले होते. झोप आता.”

आजी निरक्षर होती. सिनेमाच्या इतिहासाशी तिचा संबंध नव्हता. पण त्या दोन वाक्यांत तिनं जे सांगितलं ते समजायला मला पुढची पंचवीस-तीस वर्षं लागली. आज मी तेच सांगणार आहे.

आधी हा मालिकांचा प्रकार समजून घेऊ. टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत सिनेमाच्या मालिका निघत. मुख्य सिनेमाबरोबर दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग दाखवायचा. असे बारा-पंधरा भाग. प्रत्येक भाग कुठे संपवायचा? गाडी कड्यावरून कोसळताना, खोलीत पाणी भरत असताना, बाईच्या डोक्यावर करवत येत असताना. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकानं पुन्हा तिकीट काढलं पाहिजे ना! १९१० च्या दशकात सुरू झालेला हा धंदा १९५६ साली बंद पडला. पण त्याची युक्ती मेली नाही. आज आपल्या घरोघरी रात्री ज्या मालिका लागतात, त्यांच्या शेवटच्या क्षणी सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा येतो आणि ‘क्रमशः’ उमटतं, ती हीच युक्ती.

आता गंमत पाहा. या मालिका सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या नायिका बायकाच होत्या. १९१४ साली ‘पेरिल्स ऑफ पॉलीन’ आली. तिच्यातल्या पॉलीनला लग्न करण्याआधी जग पाहायचं असतं, अनुभव घ्यायचे असतात. आणि तिच्या वारशाचा पैसा ज्याच्या हाती सोपवलेला असतो, तोच त्या पैशावर डोळा ठेवून तिच्या जिवावर उठलेला असतो. म्हणजे संकट बाहेरून आलेलं नाही, ते घरातलंच आहे. त्याच वर्षी ‘हॅझर्ड्स ऑफ हेलन’ सुरू झाली आणि १९१७ पर्यंत तिचे ११९ भाग निघाले. हेलन रेल्वेत तारयंत्रावर काम करणारी नोकरदार बाई. धावत्या गाड्यांवर उड्या मारून ती अपघात टाळते, चोर पकडते. त्या काळात शहरांत नोकरी करणाऱ्या मुलींची मोठी संख्या सिनेमाला येऊ लागली होती. त्यांच्या खिशातल्या पैशांसाठी या नायिका घडल्या. अशा अमेरिकी मालिका आपल्याकडच्या थिएटरांतही आल्या आणि लोकांनी त्या डोक्यावर घेतल्या.

पुढे वीस वर्षांत काय झालं ते आपण काल रात्री पाहिलं. १९३० च्या दशकात मालिकांचा धंदा शनिवारी दुपारी सिनेमाला येणाऱ्या लहान मुलांवर, त्यातही मुलग्यांवर चालू लागला. विषय विज्ञानाचे झाले: परग्रह, अग्निबाण, किरणांची शस्त्रं, अदृश्य होण्याची यंत्रं. ‘फ्लॅश गॉर्डन’ १९३६ साली आली, १३ भागांची. तिचा पुढचा अवतार १९३८ साली मंगळावर गेला. १९३९ साली ‘बक रॉजर्स’ आली, तिच्यातला नायक पाचशे वर्षं झोपून पंचविसाव्या शतकात जागा होतो. यंत्रं कुठल्या कुठे पोहोचली. आणि बाई?

काल आपण पाहिलेली डेल आठवा. ती अग्निबाणात बसून दुसऱ्या ग्रहावर जाते. माणसाच्या इतिहासातला केवढा मोठा प्रवास! त्या प्रवासात तिच्या वाट्याला काय येतं? किंचाळणं. ग्रहावर उतरल्यावर तिथला सम्राट मिंग तिला पाहतो आणि ठरवतो की हिच्याशी लग्न करायचं. तिला कोणी विचारत नाही. पुढच्या भागांत तिची शुद्ध हरपवून तिला बोहल्यावर उभी करतात. सम्राटाची मुलगी ऑरा हिंमतवान आहे, हातात शस्त्र घेऊन आखाड्यात उतरते, पण कशासाठी? नायक आपल्याला मिळावा म्हणून. म्हणजे दोनच बायका, आणि त्यांच्यात भांडण एका पुरुषावरून. थोडक्यात, ज्यांनी दुसऱ्या ग्रहाची कल्पना केली त्यांना बळजबरीच्या लग्नाशिवाय बाईची दुसरी गोष्ट सुचली नाही. भविष्यकाळ आला, पण तो यंत्रांसाठी. बाईसाठी तोच जुना काळ अग्निबाणात घालून पाठवला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तो दुष्ट सम्राट कसा दिसतो? लांब झुकलेल्या मिशा, पायघोळ झगे, आशियाई माणसाचं व्यंगचित्र, आणि ते वठवणारा नट गोरा. म्हणजे बाईला बांधणारा कोण, तर काळा-पिवळा परका पुरुष, आणि सोडवणारा कोण, तर गोरा. आपल्या गावातही हीच मांडणी चालते. मारहाण कोण करतात, तर ‘त्या’ वस्तीतले लोक. आमच्या वाड्यात असं काही होत नाही! ज्या मैत्रिणींनी पाटलाच्या घरातलं प्रकरण हाताळलंय, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

‘फ्लॅश गॉर्डन’चा हा पहिला भाग १९३६ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेत लागला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला गांधीजी आपल्या या जिल्ह्यातल्या शेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. सिनेमाविषयी त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. पण मला गंमत वाटते ती वेगळीच. एकाच महिन्यात एकीकडे दूरच्या ग्रहाचं स्वप्न पाहिलं जात होतं आणि दुसरीकडे एका खेड्याचं. दोन्ही स्वप्नांत शेगावच्या मजूर बाईला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुझं स्वप्न काय?

आता मुंबईकडे वळू. परळला लवजी कॅसल नावाचा जुना वाडा होता, जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याचा. तिथे जेबीएच आणि होमी या वाडिया बंधूंचा ‘वाडिया मुव्हिटोन’ हा स्टुडिओ होता. पुढे १९४२ साली त्याच जागी व्ही. शांताराम यांचं राजकमल उभं राहिलं. जेबीएच हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. परदेशी साहसपट पाहून पाहून वाढलेले. त्यांच्याकडे मेरी इव्हान्स नावाची एक मुलगी काम मागायला आली. ती १९०८ साली ऑस्ट्रेलियात जन्मली होती, लहानपणीच हिंदुस्थानात आली होती. वडील ब्रिटिश सैन्यात होते, ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. तिनं दुकानात नोकरी केली होती, नाच शिकली होती, सर्कशीत काम केलं होतं, आणि एका मुलाची आई होती. तिचं नाव झालं नादिया. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला आणि पंचवीसहून अधिक आठवडे चालला.

त्यानंतर ‘मिस फ्रंटियर मेल’, ‘हरिकेन हंसा’, ‘पंजाब मेल’, ‘डायमंड क्वीन’. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते, वीस वर्षांपूर्वीच्या त्या तारवाल्या हेलनचीच ही बहीण. म्हणजे अमेरिकेनं जी नायिका घरी पाठवली होती, ती परळमध्ये पुन्हा कामावर रुजू झाली. काल ‘डायमंड क्वीन’मध्ये तुम्ही ऐकलंत, देश स्वतंत्र व्हायचा तर बायका आधी स्वतंत्र व्हायला हव्यात असं ती पुरुषांना सुनावते. १९४० साली! त्या शिट्टीचं मला काही नवल वाटलं नाही.

पण आता आजीचं वाक्य आठवा. “गोरी बाई हाय थे.” नादियाला हे सगळं करायला परवानगी होती, कारण ती आपल्यातली नव्हती. तिच्या उघड्या पायांनी कोणत्याही जातीची अब्रू जात नव्हती. लक्षात घ्या, १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही, शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला या मायलेकी पुढे आल्या. पडद्यावर नुसतं उभं राहायला एवढी हिंमत लागत होती, तिथे घोड्यावर बसून हंटर चालवायला कोण येणार होतं?

दुसरी अट मुखवट्याची. ‘हंटरवाली’तली राजकन्या दिवसा राजकन्याच असते, अन्यायाशी लढायचं ते चेहरा झाकून. तिसरी अट अशी की लढायचं ते बापासाठी. दुष्ट वजिरानं पळवलेल्या राजासाठी, त्याच्या राज्यासाठी. स्वतःच्या हक्कासाठी क्वचितच. आणि चौथी अट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ती एकटी असायला हवी. बाकीच्या बाया मागे घोळक्यानं उभ्या, भ्यालेल्या किंवा टाळ्या वाजवणाऱ्या. एकीनं चमत्कार करायचा आणि बाकीच्यांनी तो पाहायचा. चमत्कार अपवाद असतो आणि अपवादानं नियम मोडत नाही, उलट तो अधिक घट्ट होतो. “त्या ताईंचं सोडा हो, त्या वेगळ्याच आहेत,” हे वाक्य तुमच्याविषयी गावात किती वेळा बोललं गेलंय? त्याचा अर्थ एवढाच असतो की आमच्या सुनेनं तसं वागू नये.

खुद्द नादियालाही या अटींतून सुटका नव्हती. होमी वाडियांची आणि तिची अनेक वर्षांची सोबत, पण होमींच्या आईचा विरोध होता. आई गेल्यानंतर, १९६१ साली त्यांचं लग्न झालं. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. सिंहाला न भिणारी बाई एका घराच्या उंबरठ्याबाहेर इतकी वर्षं थांबली. मी हे तिला कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. पडद्यावरची हिंमत आणि घरातली हिंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच सांगायचं आहे.

‘स्वतःच्या हक्कासाठी क्वचितच’ असं मी म्हटलं, कारण एक अपवाद आहे आणि तो मराठी बाईचा आहे. १९३६ सालीच प्रभातचा ‘अमरज्योती’ आला. त्यात दुर्गाबाई खोटे सौदामिनी नावाची बंडखोर चाच्यांची राणी झाल्या. ती बंड का करते? तिच्या मुलाचा ताबा तिला नाकारला जातो म्हणून. हा बापाच्या सिंहासनाचा प्रश्न नाही. लेकराचा हक्क आईला का नाही, असा सरळ बाईचा प्रश्न आहे. आता पुढचा हिशेब ऐका. १९५६ साली कायदा आला, त्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्या ‘नंतर’ आई असं लिहिलं. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या ‘नंतर’चा अर्थ सैल केला: बाप मेल्यानंतरच असं नव्हे, तो जबाबदारी घेत नसेल तरीही आई पालक ठरते. सौदामिनीनं पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाला न्यायालयातून अर्धं उत्तर मिळायला त्रेसष्ट वर्षं लागली. आजही शाळेच्या दाखल्यासाठी आईला बापाची सही आणायला पाठवतात, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ही गोष्टही क्रमशःच.

आता मालिकांच्या एका लबाडीकडे येते. तीच आजच्या विषयाची गाठ आहे.

समजा एका भागाच्या शेवटी नायिकेची गाडी कड्यावरून कोसळली. आपण डोळ्यांनी पाहिलं, गाडी खाली गेली, आगीचा लोळ उठला. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा मागचा भाग थोडा दाखवतात. पण या वेळी मध्ये एक तुकडा घातलेला असतो: गाडी कोसळण्याआधीच तिनं दार उघडून उडी मारली! मागच्या आठवड्यात हा तुकडा नव्हता. म्हणजे काय केलं? घडलेली गोष्ट गुपचूप बदलली. आणि आठवडा उलटलेला असल्यामुळे कोणाला आठवत नाही, किंवा आठवलं तरी कोणी भांडत नाही.

मैत्रिणींनो, ही लबाडी सिनेमापुरती असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

१९९० च्या दशकातली गोष्ट. आपला जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा, पण तो कागदावर. एका गावातून एका बाईचा निरोप आला. मी गावाचं आणि तिचं नाव घेत नाही. नवरा हातभट्टीची पिऊन रोज मारायचा. आम्ही पस्तीस-चाळीस बाया दोन जीप आणि एक बैलगाडी करून गेलो. नाल्याकाठची भट्टी शोधली, सडव्याचे ड्रम उलथवले, तिच्या नवऱ्याला चावडीवर उभा केला. सरपंचासमोर त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की यापुढे हात उगारणार नाही. त्याआधी तिला ठाण्यावर नेऊन तिचा जबाबही लिहवून आणला होता. अंधार पडताना आम्ही गाणी म्हणत परतलो. मीच अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे: प्रकरण यशस्वीपणे मिटले.

चार महिन्यांनी ती मला बाजारात भेटली. एक हात गळ्यात अडकवलेला. मी विचारलं, “अगं, हे काय?” ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “ताई, तुमी आल्या त्या दिवसाचं सारं गाव सांगते. दुसऱ्या दिवसाचं कोनी इचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी काय झालं होतं? आम्ही गेल्यावर त्यानं तिला घराबाहेर काढलं, चारचौघांत लाज काढली म्हणून. ज्या शेजारणी आमच्याबरोबर घोषणा देत होत्या, त्यांच्या घरच्यांनी त्यांना दटावलं होतं. तिला रात्रभर कोणी आत घेतलं नाही. मजुरी त्याच्या हातात, रेशनकार्डावर नाव त्याचं, खोपटं त्याच्या बापाचं. ती परत गेली. कुठे जाणार होती? आठ दिवसांनी भट्टी नाल्याच्या पलीकडे पुन्हा लागली. महिन्याभरात हात मोडला. आम्ही ठाण्यावर धावलो तेव्हा कागद दाखवण्यात आला. तिच्या आधीच्या जबाबात आता असं होतं की ती जिन्यावरून पडली होती, आणि खाली तिचा अंगठा होता.

तिच्या घराला जिना नव्हता.

गाडी कड्यावरून कोसळताना आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. पुढच्या भागात कोणीतरी मध्ये एक तुकडा घातला होता. आणि पहिल्या जबाबाची नक्कल आमच्यापैकी कोणीच घेतलेली नव्हती, कारण आमच्या दृष्टीनं गोष्ट संपली होती. आम्ही हंटरवाली होतो ना! आलो, हंटर मारला, टाळ्या घेतल्या, घोड्यावर बसून गेलो. बांधलेल्या बाईची दोरी आम्ही सोडवली, पण जिथे तिला बांधलं होतं ती जागा तशीच ठेवून आलो. ठाण्यावरच्या लबाडीचा राग मला आजही येतो. पण ‘प्रकरण मिटले’ हे वाक्य लिहिणारा हात माझा होता. घडलेली गोष्ट बदलण्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली होती.

मग दुसरी कोणती गोष्ट आहे का, जिच्यात सोडवणारी घोड्यावरून येत नाही? आहे. आणि ती ‘फ्लॅश गॉर्डन’च्या एकतीस वर्षं आधीची आहे. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ नावाची विज्ञानकथा लिहिली. पडद्यात वाढलेली, घरात चोरून इंग्रजी शिकलेली बाई. तिच्या कथेतल्या देशात बायका सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी काढून घेतात, विजेनं शेती करतात, हवेतल्या गाडीतून फिरतात. कचेरीचं काम दोन तासांत उरकतात. कारण पुरुष, म्हणे, दिवसाचे सहा तास विड्या ओढण्यात घालवत असत! (हशा) शत्रू चालून येतो तेव्हा एकही बाई तलवार उचलत नाही. विद्यापीठातल्या बायका साठवलेलं ऊन शत्रूवर सोडतात आणि तो पळून जातो.

त्या कथेतले पुरुष घरात कोंडलेले आहेत. तो मुद्दा आपण घ्यायचा नाही, तो रुकैयांनी काढलेला चिमटा आहे. घ्यायचा मुद्दा हा, की त्या देशात एकही हंटरवाली नाही. तिची गरजच पडत नाही, कारण तिथे व्यवस्था बदललेली आहे. पाणी कोणाच्या हातात, वीज कोणाच्या हातात, शाळा कोणाच्या हातात, हे बदललेलं आहे. आणि रुकैया नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. १९०९ साली भागलपूरला आणि १९११ साली कलकत्त्याला त्यांनी मुलींची शाळा काढली, घरोघरी जाऊन मुली गोळा केल्या. हे काम रोजचं असतं, कंटाळवाणं असतं. त्याच्यावर शिट्ट्या पडत नाहीत. या कथेवर अमेरिकेत कोणी तेरा भागांची मालिका काढली नाही, यात नवल नाही.

त्या बाईच्या प्रकरणानंतर आमच्या मंडळानं एक साधी गोष्ट सुरू केली. एक वही. प्रत्येक प्रकरणाला एक पान. पानावर पहिल्या दिवसाची हकिगत चार ओळींत, आणि खाली तारखा: दुसरा दिवस, आठवा दिवस, एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. प्रत्येक तारखेपुढे कोण जाऊन आली तिचं नाव. जाणारी शक्यतो त्याच गावातली हवी, जीपमधून येणारी नको. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फिर्याद देणारीला फुकट मिळते. जुन्या कायद्यात ती तरतूद होती, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. ती प्रत त्याच दिवशी मागून वहीला टाचायची. अंगठ्याआधी जबाब मोठ्यानं वाचून घ्यायचा. मग रेशनकार्डावर तिचं नाव, तिच्या स्वतःच्या नावाचं बँकखातं, मजुरी कोणाच्या हातात पडते, हे प्रश्न. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आल्यापासून राहत्या घरातून तिला हुसकता येत नाही, घर कोणाच्याही नावावर असो. पण हा हक्क तिला रात्री अकरा वाजता कोण समजावून सांगणार? आलेली जीप नव्हे, शेजारीणच सांगणार. म्हणून शेजारणीला तो आधी माहीत हवा.

त्या बाईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती दोन वर्षांनी मुलीला घेऊन बाहेर पडली, आमच्या मदतीनं कमी आणि तिच्या बहिणीच्या मदतीनं जास्त. पुढे कित्येक वर्षं आमच्या वहीतल्या ‘दुसरा दिवस’ या रकान्यात तिचं नाव दिसायचं, जाऊन आलेली म्हणून. तिच्याइतकं नेमकं कोणाला विचारता येत नसे. तिला ठाऊक होतं काय विचारायचं असतं.

नादियाचा सिनेमा पाहून शिट्टी मारू नका, असं मी म्हणत नाही. माझ्या आजीच्या बाजूच्या त्या बाया तंबूत ओरडल्या, तेव्हा त्यांना क्षणभर तरी वाटलं असेल की असंही जगता येतं. तो क्षण मौल्यवान आहे. नादिया १९९६ साली गेली. तिनं तिचं काम केलं. पण जनरेटर बंद पडला आणि तंबू पुढच्या गावी गेला, की गावात उरतात त्या बायांचं काय होतं, ही गोष्ट आपल्यालाच लिहावी लागणार आहे.

दुपारच्या सत्रात प्रत्येक मंडळानं आपल्या गेल्या दोन वर्षांतल्या प्रकरणांची यादी काढायची आहे. ज्या प्रकरणापुढे ‘मिटले’ असं लिहिलेलं असेल, तिथे तो शब्द खोडा आणि त्या बाईला शेवटची कोण भेटली, कोणत्या तारखेला भेटली, ते लिहा. तारीख आठवत नसेल तर जागा रिकामी ठेवा. उद्या घरी परतताना वाटेत ज्यांचं गाव लागतं, त्यांच्यापासून सुरुवात करू.

एवढं बोलून थांबते.